पाण्याचा धीर

एकदा एक वृद्ध आचार्य डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर, निसर्गोपचाराचे छोटेसे केंद्र चालवीत होते. तिथे गरम पाण्याचे एक कुंड होते. आठ-दहा माणसे छातीभर पाण्यात उभी राहतील एवढे. पाणी तापविण्याची सोय होती, ते फिरते ठेवणारा पंप होता, गाळून घेणारा फिल्टर होता. ज्यांचे पाय जमिनीवर अंगाचा भार पेलीत नसत त्यांना आचार्य या पाण्यात उतरवीत. निम्मा भार पाणी उचलून घेई, आणि आखडलेला सांधा हळूहळू मोकळा होऊ लागे.

निरंजन हा आचार्यांचा सर्वांत तळमळीचा शिष्य. त्या वर्षी आचार्यांनी कुंडाची जबाबदारी त्याच्यावर सोपविली, आणि थोड्याच दिवसांत अन्साबाई तिथे दाखल झाल्या.

अन्साबाई आचारीण होत्या. देवीच्या जत्रेचा भंडारा म्हणजे त्यांच्याच हातचा, हे पंचक्रोशीत ठरून गेलेले. पण पावसाळ्यात त्या घसरून पडल्या, मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेने हाड जुळले. पाय मात्र उभा राहायला तयार होईना. गावकऱ्यांनी हात जोडून सांगितले, "बाई, यंदा तुम्ही आराम करा. आम्ही शहरातून आचारी आणतो."

"लई आदरानं सांगितलं हो," अन्साबाई निरंजनला म्हणाल्या, "पन मला मेल्यावानी झालं. चैती पुनवेला मी कढईपाशी उभी ऱ्हानार. बसून न्हाई, उभी. जमवशील का, डाक्तर?"

"जमवू, मावशी," निरंजन म्हणाला. त्याने शब्द दिला तो मनापासून.

पहिले काही दिवस बरे गेले. मग पाणी बिघडले. आधी नुसतेच धूसर झाले, मग त्यावर फेस धरू लागला. पाण्याचा आंबटपणा मोजण्याची जी खूण असते, जिला सामू म्हणतात, ती निरंजनने कागदी पट्टी बुडवून पाहिली. पाणी आंबटाकडे झुकले होते. त्याने धुण्याचा सोडा घातला. दुपारी पाणी दुसऱ्या टोकाला गेलेले! त्याने आम्ल ओतले. संध्याकाळी पुन्हा आंबट. जंतू वाढतील या भीतीने त्याने क्लोरीन वाढविले, फेस जावा म्हणून आणखी एक औषध आणले. एका बाटलीचा परिणाम दुसऱ्या बाटलीने पुसायचा, असा त्याचा दिनक्रमच होऊन बसला. दिवसा पंपाची घरघर रुग्णांना नको म्हणून तो फिल्टर फक्त रात्री चालवी.

एका सकाळी अन्साबाई पाण्यात उतरल्या आणि लगेच कठडा धरून ओरडल्या, "अरं, पानी हाय का कांद्याचा रस? डोळं झोंबत्यात नुसतं!" दुपारपर्यंत त्यांच्या अंगावर पुरळ उठले. उपचार थांबवावे लागले. खोलीच्या दारातून निरंजनने पाहिले, तर बाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. एरवी सारखे बोलणारे ते माणूस गप्प पडलेले त्याला बघवेना.

त्याने तहानभूक विसरून पाण्याचा पिच्छा पुरविला. आणि अखेर एके दिवशी पट्टीवरचे दोन्ही रंग जुळले! सामू बरोबर, क्लोरीन बरोबर. ती पट्टी हातात धरून तो धावतच आचार्यांकडे गेला.

"आचार्य, पाहा! साधलं!"

आचार्यांनी पट्टी पाहिली, मान डोलावली आणि ते कुंडापाशी आले. बराच वेळ ते पाण्याकडे बघत उभे राहिले. मग ते सावकाश खाली वाकले आणि त्यांनी तळाची झडप उघडली. पाणी घोंघावत शोषखड्ड्याकडे निघाले.

निरंजन झडपेकडे धावला. "हे काय केलंत? आत्ता तर जुळलं होतं! नवं पाणी भरून तापायला दोन दिवस जातील. मावशींकडे दिवस उरलेत किती?"

"म्हणूनच," आचार्य म्हणाले, आणि कुंड रिते होईपर्यंत झडपेपाशीच बसून राहिले.

कुंड धुऊन नवे पाणी भरले. आचार्यांनी स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा मागविला, तोलून थोडासा पाण्यात सोडला, पंप सुरू केला आणि कठड्यावर बसले. निरंजनचा हात पट्टीकडे गेला.

"आता नाही. त्याला सावरू दे."

"पण सामू तर अजून पाहिलाच नाही..."

"बस इथे," आचार्य म्हणाले. निरंजन बसला. त्याच्या मनातली खळबळ ओळखून आचार्य बोलू लागले.

"बाळा, पट्टीवरचे रंग जुळले होते हे खरे, पण त्या पाण्यात पाणी कमी आणि तुझे उपाय अधिक झाले होते. एकमेकांना खोडणाऱ्या इतक्या गोष्टी तू त्यात घातल्यास की त्यांचा गाळ होऊन पाणी थकले. थकलेले पाणी आकडा दाखवील, आराम देणार नाही. आपल्या इथले पाणी मुळात हलके, त्यात क्षारता फार थोडी. क्षारता म्हणजे पाण्याचा धीर. धीर असला की थोडे आम्ल पडले तरी पाणी डळमळत नाही. नसला तर थेंबभरानेही ते या टोकाचे त्या टोकाला जाते. तू रोज त्याला वळण लावीत राहिलास, धीर मात्र दिला नाहीस. आधी धीर, मग सामू, मग क्लोरीन. आणि प्रत्येक वेळी थोडेसे घालून थांबणे. थांबणे हाही उपायच आहे."

"आणि फिल्टर? तो तर मी रात्रभर चालवीत होतो."

"मळ येतो दिवसा. माणसे पाण्यातून बाहेर पडली की त्याच वेळी पंप चालव, काही मिसळलेस की चालव. किती वेळ, ते त्या दिवशी किती माणसे उतरली यावर ठरव. आणि फिल्टर काढून एकदा हाताने चाचपून बघ."

निरंजनने फिल्टर काढला. बोटांना तेल लागले. मालिश झालेले रुग्ण तसेच तेलकट अंगाने पाण्यात उतरत होते, आणि त्या तेलाने फिल्टरची सारी छिद्रे बुजून गेली होती. पोट तुडुंब भरलेल्या माणसाला कितीही वाढले तरी तो काय खाणार? निरंजनला हसू आले. कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

त्या दिवसापासून मालिश झालेल्यांना आधी स्नान, मगच कुंड, असा नियम झाला. पाणी स्थिरावले. अन्साबाईंचे पुरळ मावळले आणि त्या पुन्हा उतरू लागल्या. निरंजनने त्यांचे व्यायामही रोज बदलणे सोडले. थोडे करवून घ्यायचे आणि पायाला सावरू द्यायचे.

पौर्णिमा जवळ आली. बाईंनी आधाराशिवाय पाण्यात चालायचे, असा दिवस ठरला. आणि नेमक्या आदल्या दिवशी शेजारच्या गावातून वृद्धांची एक मोठी तुकडी शिबिरासाठी आली. दिवसभर कुंड माणसांनी भरलेले होते. चौथ्या प्रहरी ती मंडळी निघून गेली, आणि निरंजनला पाण्यावर तीच जुनी धूसर छाया दिसली.

कपाटात बाटल्या होत्याच. तो आचार्यांकडे गेला, तर ते म्हणाले, "कुंड तुझ्याकडे आहे," आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

निरंजन परतला. पट्टी बुडविली, आता क्षारतेचीही. क्षारता जागच्या जागी. सामूही ढळला नव्हता. क्लोरीन तेवढे थोडे उतरले होते. 'म्हणजे पाणी बिघडलेले नाही,' तो स्वतःशी म्हणाला, 'ते दमलेय. त्याच्याकडे आज माणसे जास्त आली.' त्याने उतरले होते तेवढेच क्लोरीन भरून काढले. फिल्टर धुऊन बसविला. रोजच्या वेळेवर पंप बंद करायला उठलेला हात त्याने मागे घेतला आणि त्या दिवशी पंप दुप्पट वेळ चालू ठेवला. कपाटाकडे तो फिरकलाही नाही. मन सारखे म्हणत होते, अजून काहीतरी कर. त्याने काही केले नाही.

सकाळी ऊन कुंडात उतरले आणि पाणी तळापर्यंत उजळून निघाले. काचेसारखे निर्मळ! अन्साबाई पायऱ्यांवरून आत आल्या, खाली बघितले आणि म्हणाल्या, "अगं बया, माझी बोटं दिसत्यात की!"

"कठडा सोडा, मावशी."

त्यांनी कठडा सोडला. एक पाऊल टाकले. दुसरे टाकले. मध्यभागी येऊन क्षणभर डगमगल्या, निरंजनचे हात पुढे झाले. पण बाईंनी ते झिडकारले. "थांब रं! माझं मला सावरू दे!" त्या सावरल्या आणि चालत समोरच्या काठाला पोहोचल्या. तिथे त्यांनी दोन्ही तळहात पाण्यावर असे थापटले की निरंजन नखशिखांत भिजला. काठावर जमलेल्या रुग्णांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पाठीमागे आचार्य उभे होते. तेही टाळ्या वाजवीत होते.

मधल्या दिवसांत बाई जमिनीवरही चालू लागल्या. पौर्णिमेला आचार्य आणि निरंजन जत्रेला गेले. कढईपाशी अन्साबाई उभ्या होत्या. कमरेला पदर खोचलेला, हातात हातभर लांब उलथणे, आणि शहरातून आणलेला आचारी त्यांच्या हाताखाली भाज्या चिरीत होता. पंगत बसली तेव्हा वाढप्यांना बाजूला सारून त्यांनी खिरीचे भांडे स्वतः उचलले.

"बाई, राहू द्या, पंगत देवळाच्या पायरीपासून वेशीपर्यंत गेलीय," कुणीतरी म्हणाले.

"मग वेशीपातुर जाईन," अन्साबाई म्हणाल्या आणि निघाल्या. प्रत्येकाच्या पानाशी वाकत, वाढत, सरळ होत, पुढे जात. देवळापुढून निघालेला 'उदो उदो'चा गजर त्यांच्या पावलाबरोबर पंगतभर सरकत गेला. वेशीपाशी पोहोचल्यावर त्यांनी रिकामे भांडे दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून दाखविले.

निरंजनचे डोळे भरून आले. आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांनी नुसती खिरीची वाटी त्याच्या पुढे सरकविली.

ज्याला आपण सुधारू पाहतो त्याला आधी धीर द्यावा, मग थोडासा हात लावावा, आणि मग त्याला सावरायला पुरेसा वेळ द्यावा.