उताराला टेकलेलं संग्रहालय

आपण नकाशावर काढलेली इमारतही एखाद्या दिवशी डोंगराखाली गेली तर, या काळजीने मला आठवडाभर झोप नव्हती. दरड कोसळून वाडीतली एकतीस माणसं गेली होती आणि तिथेच त्यांच्या आठवणीचं संग्रहालय व्हायचं होतं. मी ते ओढ्याची वाट सोडून, बाजूच्या कातळावर, उताराला टेकून बसणारं बुटकं काढलं होतं.

संग्रहालय समितीचे अध्यक्ष खराडेसाहेब नकाशा बघून हसले. "बाई, हे संग्रहालय की गुरांचा गोठा? डोंगर कापा, ओढा बुजवा, तीन मजली काचेचं उभं करा. हायवेवरून दिसलं पाहिजे!"

पाळणाघर बंद म्हणून माझी लेक रेवा माझ्या कडेवरच होती. मी म्हणाले, "चालेल, साहेब. दरड श्रावणात आली होती, तर वास्तुशांतही श्रावणातच धरू. यजमान तुम्ही. रिवाजाप्रमाणे पहिल्या रात्री यजमानाने सहकुटुंब तिथंच झोपायचं."

साहेबांनी खिडकीतून डोंगराची अजून उघडी लाल माती पाहिली आणि माझ्या नकाशावर सही केली.

जिंकले, असं मला वाटतंय तोवर रेवाने विचारलं, "आई, मग आपल्या गोठ्यात आपण झोपायचं?"