विकायचं नाही, कापायचं नाही

"माई, त्या माणसाला तुम्ही परवानगी दिलीतच का?"

वल्लभने चप्पलही धड काढली नव्हती. ओसरीत उभा राहूनच त्याने विचारलं.

माई मोरजकर ताटात तांदूळ घेऊन निवडत होत्या. वय शहात्तर. सावंतवाडीतल्या या दोन खोल्यांच्या घरात वल्लभ अकरा वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकत होता. हल्ली त्याला बाहेरूनही बोलावणी येऊ लागली होती.

"कुठल्या माणसाला?"

"तो दत्ताराम. एसटीच्या वर्कशॉपमधला. मैफलीत पुढ्यात रेकॉर्डिंगचं मशीन ठेवून बसतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाणं इंटरनेटवर फुकट लावून टाकतो."

"तोच ना? दिली. एकोणीस वर्षं झाली."

"फुकट, माई! कोणीही ऐकतं. भांडी घासताना ऐकतात, गाडी चालवताना ऐकतात. तुमची साधना काय रस्त्यावर पडली आहे?"

माईंनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"त्याला मी दोन अटी घातल्या होत्या," त्या म्हणाल्या. "विकायचं नाही. आणि कापायचं नाही."

"तेच तर! कापायचं नाही म्हणजे काय? गेल्या जत्रेत तुमचा आवाज वरच्या षड्जावर फाटला. तोही त्याने तसाच ठेवलाय. लोक हसत असतील. मला ऐकवलं नाही."

"माझा फाटलेला आवाज तुला ऐकवला नाही?"

"नाही."

"त्याच जत्रेत माझ्या आधी तू गायलास."

वल्लभने आत्ता कुठे चप्पल काढून बाजूला ठेवली.

"तान घेऊन समेवर येताना दीड मात्रा आधीच आलास. तबलजीने सावरून घेतलं. तेही त्यात आहे?"

"... आहे."

"मग त्याला काय म्हणालास?"

"तेवढा तुकडा काढ म्हणालो. चार सेकंदांचा तर प्रश्न होता. तो म्हणतो, 'कापूक जमाचा नाय, बुवा. माईंची अट आसा.' मला, तुमच्या शिष्याला, तुमची अट सांगतो!"

"मग?"

वल्लभने खाली बघितलं.

"मग मी सांगितलं, माईंचीच आता इच्छा आहे. सगळंच काढून टाक."

"माझ्या नावाने सांगितलंस."

"तुमच्या मानासाठी."

"आणि त्याने काढलं?"

"तासाभरात. चारशेच्या वर मैफली होत्या. एक शब्द बोलला नाही." वल्लभचा आवाज जरा खाली आला. "... चोरासारखा वागतोस, असंही मी म्हणालो होतो."

माईंनी ताट खाली ठेवलं. अकरा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला वल्लभने ऐकला नव्हता. तो आताही चढला नाही.

"एकोणीस वर्षं तो माणूस सतरंजीवर मांडी घालून बसतोय. खोकला आला तर उपरणं तोंडात कोंबतो. का? तर मशीनमध्ये आवाज जाईल. पहिल्या दिवशी माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, विचारलं, आणि मी हो म्हटल्यावरच त्याने मशीनची पेटी उघडली. आणि तू त्याला चोर म्हणालास? मी दिलेलं दान माझ्याच नावाने परत मागून आणलंस, आणि चोर तो?"

"माई, मी..."

"आत चल."

त्यांनी त्याला गाण्याच्या खोलीत नेलं. दुपारचे तीन वाजले होते, उकाडा मी म्हणत होता. माईंनी एकेक करून तिन्ही खिडक्या लावल्या. कड्या घातल्या. फटीतून ऊन येत होतं तिथे पडदा ओढला.

"हे काय करताय?"

"आता तुझं गाणं कुठेही जाणार नाही. बस. तानपुरा घे. गा."

वल्लभने तानपुरा घेतला. माई दाराकडे निघाल्या.

"तुम्ही कुठे निघालात?"

"मीही नेतेच की रे. कानातून नेते. मग मला तरी इथे कशाला ठेवतोस?"

दार ओढून घेऊन त्यांनी बाहेरून कडी लावली.

वल्लभने भीमपलासीचा आलाप सुरू केला. दोन-चार जागा चांगल्या आल्या. त्याची नजर समोर गेली. समोर भिंत होती. एक तान घेतली, समेवर बरोबर आला. कोणी मान हलवली नाही. पुन्हा घेतली. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा मध्येच सोडून दिली. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. तानपुऱ्याच्या तारा तेवढ्या वाजत राहिल्या.

पंधरा-वीस मिनिटांनी आतून दारावर टकटक झाली.

माईंनी कडी काढली.

"गायलास?"

"सुरुवात केली... पुढे गाववेना."

"का? चुकलास?"

"नाही. चुकलो नाही."

माईंनी पुढे काही विचारलं नाही. कोनाड्यातला फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"लाव त्याला."

"मी काय सांगू?"

"जे झालं ते."

वल्लभने फोन लावला. त्याने सगळं सांगितलं. इच्छा माईंची नव्हती, माझी होती. समेवर चुकलो त्याची लाज वाटत होती. तुम्हाला चोर म्हणालो, त्याबद्दल मला क्षमा करा.



"मशीनमधला पुसलंय नाय, बुवा," दत्ताराम म्हणाला. "माईंचा आवाज माका पुसूक धीर होईना. नुसता इंटरनेटवरना काढलंय."

वल्लभने डोळे मिटले.

"सगळा परत लावतंय मग," दत्ताराम म्हणाला. आणि अगदी हळू, पहिल्यांदा माईंसमोर हात जोडून विचारलं असेल तसं त्याने विचारलं, "तुमचा ता चुकलेला पण लावू?"

वल्लभने फोनवर हात ठेवला आणि माईंकडे बघितलं.

माई पुन्हा तांदळाच्या ताटापाशी जाऊन बसल्या होत्या.

"माई... काय सांगू?"

"ते गाणं तुझं आहे," माई म्हणाल्या. "माझं नाव घेऊ नकोस."