अडसर लावलेला पूल

"इतक्या लांबून येतात, दोन तास चढतात, कमानीत उभे राहून फोटो काढतात. या किल्ल्याला दार का नाही, एवढं मात्र कुणी विचारत नाही."

आल्प्समधल्या वाल्सुरा गावचे वाटाडे दुरीआजोबा आमच्यापैकी कुणाकडेही न बघता हे म्हणाले. त्या रिकाम्या कमानीतून खालच्या जर्दाळूच्या बागा दिसतात, घळीपलीकडचे रान दिसते, त्यावरची कुरणे आणि बर्फही. घळीवर एक लाकडी पूल आहे. त्यावर पाय ठेवण्याआधी गावातला प्रत्येक जण वाकून फळीवर तीनदा ठोठावतो.

फार पूर्वी म्हणे किल्ल्याचा धनी लढाईला गेला. दार राखणाऱ्या मेंगियाकडून त्याने शपथ घेतली: मी परतेपर्यंत दार कुणासाठीही उघडायचे नाही. उघडले तर कडेलोट.

त्याच वर्षी पुराने पूल नेला. पलीकडच्या कुरणांवर गावातली चाळीस माणसे गुरांसह अडकली आणि बर्फ लवकर आले. झाडे तोडून नवा पूल बांधेपर्यंत ती जगली नसती. घळीला पुरेल एवढे लांब लाकूड एकच होते, किल्ल्याचे दार. लोक ते मागायला आले. मेंगिया आतून म्हणाली, "उघडणार नाही. काढून देते."

तिने लोखंडी अडसर तसाच ठेवला, बिजागऱ्यांचे खिळे उपटले आणि मिटलेले दार अख्खे बाहेर ढकलले. लोकांनी ते बर्फावरून घसरवत घळीवर नेऊन टाकले. चाळीसही माणसे त्यावरून सुखरूप आली, मागून गुरे आली.

मेंगिया ते पाहायला गेली नाही. राखण तर तिच्याकडेच होती, म्हणून दाराच्या जागी ती स्वतः उभी राहिली. लोकांनी शेकोटीपाशी बोलावले, तरी ती हलली नाही. चौथ्या सकाळी ती तशीच उभी सापडली, दोन्ही हात कमानीच्या भिंतींना टेकलेले, अंग थिजलेले.

धनी परतला. रिकामी कमान पाहून संतापाने घळीपाशी आला. पूल झालेल्या दाराचा अडसर लावलेलाच होता. मग स्वतःच्याच दारावर त्याने तीनदा ठोठावले आणि उत्तराची वाट पाहिली, म्हणे. कमानीला त्याने पुन्हा दार बसवले नाही.

आजही ती कमान उघडी आहे. पुलाच्या फळ्या कितीदा तरी बदलल्या, अडसर मात्र तोच आहे, असे आजोबा सांगतात. पुलापाशी मी पुरावा विचारला, तेव्हा ते बाजूला सरले.

काळ्या पडलेल्या त्या लोखंडाशेजारी मी वाकून तीनदा ठोठावले आणि उभी राहिले. मागे दुधाचे कॅन घेऊन एक बाई खोळंबली होती.

"व्हा पुढे, ताई," ती म्हणाली. "मेंगिया कुणाला अडवत नाही."