फितीमागची खोली

घाट चढून गेलं की कातळदरा नावाचं गाव लागायचं. तिथे हैबतअण्णा नावाचे सरपंच होते. माणूस कामाचा, पण पायाला भिंगरी. एका जागी बसून चहा पिणंसुद्धा त्यांना जमायचं नाही. बशी हातात घेऊन ते अंगणात फेऱ्या मारायचे.

गावात शाळा होती ती चौथीपर्यंत, आणि दवाखाना थेट घाटाखाली. नर्सबाई आठवड्यातून एकदा वर यायच्या, तेवढाच आधार. अण्णांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, साहेबलोकांच्या मागे लकडा लावला आणि शेवटी सरकारी अनुदान मिळवलंच. शाळेशेजारच्या खोलीत मोठा पडदा लागला. कॅमेरा आला, बॅटरी आली, छपरावर डिशची तबकडी बसली. शहरातल्या बाई त्या पडद्यावरून पुढचे वर्ग शिकवणार होत्या. शहरातल्या डॉक्टरीणबाई त्याच पडद्यावरून आजारी माणूस तपासणार होत्या.

आता यंत्र सुरूच करायचं, नाही का? पण छे! आपल्याकडे कुठलीही नवी गोष्ट अशी मुकाट्याने सुरू होत नाही. आधी उद्घाटन हवं. मंत्री हवेत, मांडव हवा, दारावर फीत हवी आणि भिंतीत नावाची कोनशिला हवी. शिवाय अनुदानाचा दुसरा हप्ता अजून यायचा होता. त्यातून वरच्या धनगरवाड्यावरही असाच पडदा लागणार होता. मंत्र्यांचा मान राहिला नाही तर हप्ता अडेल, ही धास्ती अण्णांच्या मनात घर करून बसली.

"देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी ताटाला हात लावतं का?" ते म्हणाले. गावाला ते पटलं. नैवेद्याचं नाव काढल्यावर कोण बोलणार? दारावर लाल फीत बांधली आणि खोली बंद झाली.

मंत्र्यांनी तारीख दिली, मग पुढे ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. तेवढ्यात मंत्रीच बदलले. कोनशिलेवर जुन्या मंत्र्यांचं नाव कोरून झालं होतं. अण्णांनी शिळा उलटी केली आणि मागच्या बाजूवर नवं नाव कोरून घेतलं. शिळा खोलीच्या भिंतीला टेकून पडून राहिली. फीत उन्हाने विटली की अण्णा नवी आणून बांधत. सकाळी खोलीकडे एक फेरी, दुपारी रस्त्याच्या वळणापर्यंत एक, संध्याकाळी परत खोलीकडे. ना जेवणात लक्ष, ना झोपेत.

त्यांच्याइतकाच जीव आणखी एकीचा टांगणीला लागला होता. ती होती पारूबाईची गोदी. चौथी पास होऊन ती घरी बसली होती. रोज खिडकीच्या काचेला नाक लावून ती त्या काळ्या पडद्याकडे बघत उभी राहायची.

"अण्णा, शाळा कधी चालू व्हायची?"

"हुईल गं, हुईल. पावणे येऊ देत."

आणि एकदाची पक्की तारीख आली. मांडव पडला, जनरेटर आला, कर्ण्यावर गाणी सुरू झाली. गावातली एकुलती एक जीप हारतुरे घेऊन मंत्र्यांना आणायला घाटाखाली गेली. कार्यक्रम म्हणून नर्सबाईही लवकर आल्या. अण्णांनी पोरांना हुकूम सोडला, "ती शिळा धुऊन पुसून लख्ख करा!"

सगळ्यांत पुढे गोदी धावली. तिने शिळेखाली हात घातला आणि किंचाळली. इतके दिवस शिळा हललीच नव्हती. तिच्या आडोशाला विंचवाने बिऱ्हाड केलं होतं.

बघता बघता पोरगी घामाने निथळली. उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. पारूबाई तिला कवटाळून मांडवात बसली. नर्सबाईंनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गोळी आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पण हिला किती द्यायची, कधी द्यायची, ते डॉक्टरांनी बघून सांगायला हवं. अंदाजाने दिली तर घात होईल."

जीप नव्हती. पायी खाली उतरायचं तर दिवस मावळला असता. डॉक्टर होत्या त्या चार पावलांवर, फितीच्या पलीकडे.

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. आणि आयुष्यभर न थांबलेले अण्णांचे पाय नेमके तेव्हाच जागच्या जागी खिळले. मंत्री वाटेत असतील. फीत तुटलेली दिसली तर रागावून परत जातील. मग हप्ता? मग धनगरवाड्यावरची पोरं?

"जरा कळ काढ, पारू," ते कसंबसं म्हणाले. "पावणे आत्ता येतीलच."

पारूबाईने मान वर केली. "अण्णा, ही माझी एकुलती एक. ही गेल्यावर निवद कुणाला दावणार तुम्ही?"

अण्णा तडक पुढे झाले. कात्री तबकात रेशमी रुमालाखाली होती, पण तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गोदीला उचलून छातीशी घेतलं आणि दार ढकलून सरळ आत शिरले. फीत ताणली, तुटली आणि त्यांच्या खांद्यावर लोंबत राहिली.

गोदीला त्यांनी मागोमाग आलेल्या पारूबाईच्या मांडीवर ठेवलं. नर्सबाईंनी बटण दाबलं. पडदा काळाच! न वापरता पडून पडून बॅटरी बसली होती.

"आई गं!" अण्णांनी कपाळावर हात मारला. मग बाहेर धावले, कर्ण्याची वायर हिसकून काढली आणि यंत्राची वायर जनरेटरला जोडली. स्वागताचं गाणं अर्ध्यात बंद पडलं. आत पडदा उजळला.

डॉक्टरीणबाई दिसल्या. त्यांनी गोदीला जवळ आणायला लावलं, नर्सबाईंना नाडी मोजायला लावली, गोळी किती ते सांगितलं. "आता इथून हलू नका. मीही हलणार नाही," त्या म्हणाल्या.

अण्णा जमिनीवर बसले. गोदीचा गार तळवा हातात धरून तसेच बसून राहिले. खूप वेळाने तो तळवा हळूहळू कोमट झाला. गोदीने डोळे किलकिले केले, पडद्याकडे पाहिलं आणि पुटपुटली, "शाळा चालू झाली?" अण्णा सगळ्यांदेखत रडले.

तेवढ्यात जीप परत आली. हार जसेच्या तसे होते. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांचा दौरा रद्द झाला." त्याच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. अण्णांनी मात्र खांद्यावरची फीत ओढून काढली. आपण कुणाची वाट बघत होतो, आणि कुणाचा जीव पणाला लावून!

रात्रभर जनरेटरवर बॅटरी भरून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग भरू लागला. पुढे अनुदानवाले साहेब तपासणीला आले. त्यांनी एवढंच विचारलं, "यंत्र वापरात आहे का?" उद्घाटन कुणी केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. धनगरवाड्याचा हप्ताही यथावकाश आला.

आणि कोनशिला? त्या खोलीचा उंबरा उंच होता, लहान पोरांना चढता येत नसे. अण्णांनी ती शिळा दारापुढे पायरी म्हणून पक्की बसवली. एका मंत्र्यांचं नाव खाली मातीत गेलं, दुसऱ्यांचं पोरांच्या पायांखाली पुसत चाललं. तिच्यावर पाय देऊन आत जाणाऱ्यांत गोदी रोज पहिली असते.

तात्पर्य: गरजवंतासाठी मिळालेली वस्तू ज्या दिवशी त्याच्या उपयोगी पडते, तोच तिचा मुहूर्त. मोठ्यांच्या मानासाठी ती अडवून ठेवू नये.