साळूआक्काचा हात

फार फार वर्षांपूर्वीची, आपल्या पणज्याच्या पणज्यानंही नुसती ऐकलेली ही गोष्ट. जरा सरसावून बसा. आणि ऐकताना राग आला तर येऊ द्या, ही गोष्ट थंड डोक्यानं ऐकायची नाहीच मुळी.

कृष्णाकाठी डोहगाव नावाचं गाव होतं. काळीभोर जमीन, बारमाही पाणी, आणि हळद अशी पिकायची की असं म्हणतात, डोहगावच्या बाईनं नदीत पाय धुतले तरी खालच्या गावाला पाणी पिवळं जायचं. पण गावाची हळद जेवढी पिवळी, तेवढाच गावाचा चेहरा उतरलेला. का? तर पिकवायची अक्कल होती आणि विकायची नव्हती!

ज्याची हळद आधी वाळली तो आधी गाडी जुंपायचा. आज एक, उद्या दुसरा, परवा त्याचा भाऊ. संगमावरच्या पेठेत एकटा गाडीवान उभा राहिला की खरेदीदार मूठभर हळकुंडं उचलायचे, नाक मुरडायचे. ओली आहे. कच्ची शिजली आहे. कीड दिसते. मग करतो काय तो? गाडी परत न्यायची तर बैलांचे हाल आणि घरी बायकोची बोलणी. जो मिळेल तो भाव घेऊन गुपचूप घरी. आणि गंमत म्हणजे शेजाऱ्याला सांगताना वाढवून सांगायचं, म्हणजे आपली फजिती कळू नये! अशी ही शहाणी माणसं.

या गावात साळूआक्का राहायची. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की वेशीवर हाक मारली तर मळ्यातलं माणूस हातातलं खुरपं टाकायचं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मळा तीच बघायची. हळद कशी शिजवावी हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, तिला काही वेगळं येत नव्हतं. तिला फक्त राग यायचा. बाकीच्यांचा राग भाकरीबरोबर गिळला जायचा, हिचा घशातच अडकायचा.

एका साली हळद काढणीला आली तेव्हा ती घरोघर गेली. म्हणाली, "अरे, एकेकटं कशाला मरताय? समद्या गावाची एक रास करू. एकाच काहिलीत शिजवू, एकाच खळ्यावर वाळवू, एकाच दिवशी पेठंला नेऊ. मग बघू कोण नाक मुरडतंय ते."

सोपं वाटतं ना ऐकायला? अहो, गावाचं गाऱ्हाणं एक करणं सोपं, गावाची रास एक करणं कठीण! माझी हळद चांगली, त्याच्या भिकार हळदीत कशाला मिसळू? कुणी म्हणे आधी माझी शिजवा. कुणी म्हणे सरपण मी घातलं, मला जास्त द्या. एकानं तर पाटीत खाली अर्धीकच्ची हळद भरून वर चांगली पसरली. साळूआक्कानं हळकुंड मोडून बघितलं, कट्‌कन तुटायचं ते वाकलं. तिनं ती पाटी त्याच्याच दारात ओतली आणि भर चौकात त्याचा असा उद्धार केला की तो माणूस पुढं जन्मभर तिच्यासमोरून मान खाली घालून गेला, असं म्हणतात.

भांडत, रडत, रुसत का होईना, रास झाली. गाड्यांची रांग नदीपासून वेशीपर्यंत लागली. पेठेत जाऊन सगळी हळद एका जागी ओतली तेव्हा खुद्द डोहगावकरांनीच तोंडात बोटं घातली. एवढं आपलं आहे? एवढं आपण पिकवतो? साळूआक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला एवढंच हवं होतं, की ही रास मोडू नये. या साली मोडली तर परत कधी जमणार नाही, हे ती ओळखून होती.

आणि इथं गावानं घोळ घातला. असा घोळ डोहगावानंच घालावा!

पिकवणं एक केलं, शिजवणं एक केलं, वाळवणं एक केलं. विकायचं मात्र जुन्याच रीतीवर सोडलं. तेव्हा पेठेत सौदा उपरण्याखाली व्हायचा. गावाचा दलाल आणि खरेदीदार हातात हात द्यायचे, वर उपरणं टाकायचे, आणि आत बोटं दाबून भाव ठरायचा. कुणी किती बोटं दाबली, कुणाला दिसत नसे. मग दलाल गावातल्या सर्वांत वडील माणसाच्या कानात भाव सांगायचा. त्यानं मान हलवली की उपरणं उचललं, सौदा पक्का. ज्याची हळद तो बाजूला उभा, आणि त्याच्या वर्षभराच्या घामाचा भाव त्याला कानातून कळायचा!

डोहगावचा दलाल होता भैरूआण्णा. साळूआक्काचा चुलत दीर. गोड बोलायचा, सगळ्यांच्या लग्नात पुढं असायचा. गाव म्हणालं, हात घालायचा मान आण्णाचा. मान द्यायला आमची माणसं कधी मागं हटली आहेत?

पेठेतला सर्वांत मोठा खरेदीदार दामूशेट पुढं आला. उपरणं पडलं. आत बोटं हलली. बायका गाड्यांपाशी बसल्या होत्या, कारण सौद्याच्या जागी बाईनं जायचं नाही अशी रीत होती. भैरूआण्णानं हात आत तसाच ठेवून म्हाताऱ्या गणूतात्यांच्या कानाशी तोंड नेलं. तात्यांचा चेहरा पडला.

साळूआक्का तिथूनच ओरडली, "काय भाव म्हणं, तात्या?"

"गेल्या सालचाच," तात्या पुटपुटले.

"एवढ्या राशीला बी तोच? कोण म्हणतंय?"

भैरूआण्णा हसला. "बाजार पडलाय, साळू. मी न्हाई, बोटं म्हणत्यात."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती उठली, गर्दीतून सरळ आत आली, उपरण्याखाली हात घातला आणि त्या दोघांचे हात एका मुठीत आवळले.

"बोटं म्हणत्यात व्हय? मग तोंडानं म्हणा. दोघं बी. मोठ्यानं."

दामूशेटनं हात ओढला. सुटेना. भैरूआण्णानं हिसका दिला. सुटेना. पेठेतले हमाल आले, पोत्यांचे डोंगर पाठीवर वाहणारे गडी, त्यांनी ओढून पाहिलं. असं म्हणतात, बैल जोडून ओढलं तरी ती मूठ सुटली नाही. मी बैलांचं काही शपथेवर सांगत नाही, पण मूठ सुटली नाही हे खरं.

"गेल्या सालचाच भाव," दामूशेट कसाबसा म्हणाला. आणि काय नवल! त्याचं मनगट पिवळं पडलं. "तोच, तोच," भैरूआण्णा म्हणाला. त्याचंही पडलं. जेवढं खोटं बोलतील तेवढी हळद वर चढे, मनगटावरून कोपराला, कोपरावरून खांद्याला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, दोघांची हळद झाली, आता मुंडावळ्या आणा!" सगळी पेठ खो-खो हसली. साळूआक्का हसली नाही.

हळद गळ्यापर्यंत आली तेव्हा दामूशेटची पाचावर धारण बसली. तो किंचाळला, "दीडपट! दीडपट द्यायला तयार होतो मी! हाच म्हणाला, गावाला जुना भाव सांगतो, मधलं निम्मं निम्मं. सालोसाल हेच चाललंय!"

तेव्हा कुठं मूठ सुटली. भैरूआण्णानं जी मान खाली घातली ती परत वर केलीच नाही. घरातलं माणूस! परक्यानं लुबाडलं तर माणूस शिव्या तरी देतो, घरच्यानं लुबाडलं तर शिवीसुद्धा उलटून आपल्याच अंगावर येते.

गोष्ट इथं संपायला हवी होती, नाही का? पण दामूशेट काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. अंग पुसत तो गावकऱ्यांना हळूच म्हणाला, "दीडपट देतो. आत्ता देतो. पण भाव मोठ्यानं पुकारायचा नाही. उपरण्याखालीच राहू द्या. बाकीच्या गावांना कळायचं कारण नाही."

आणि डोहगावकर खुश! एवढं रामायण होऊन गेलं आणि हे खुश! गणूतात्या म्हणाले, "आक्का, मिळालं की आपल्याला. घी उपरणं आन् मिटव."

साळूआक्कानं वळून बघितलं. मागं दुसऱ्या गावांच्या गाड्या उभ्या होत्या. एकेकटी माणसं, हातात कासरे, चेहऱ्यावर तीच केविलवाणी आशा. गेल्या साली डोहगावकर जसे उभे होते तशीच.

"तात्या," ती म्हणाली, "झाकलेला भाव आज दीडपट हाय. फुडल्या साली झाकूनच पावपट करतील, आन् तवा कुणाच्या नावानं बोंबलशीला? भाव उघडा पुकारला तरच रास विकंल. न्हाईतर न्हाई."

मग उसळलं गाव! तुझ्या हट्टापायी आमचं नुकसान का? आमची हळद आम्हाला दे! माणसं पाट्या घेऊन राशीवर धावली. तीच माणसं, ज्यांच्यासाठी ती काढणीपासून डोळ्यांत तेल घालून राबली होती. साळूआक्का राशीवर चढली आणि म्हणाली, "घ्या. समदे घ्या. पर ज्यानं त्यानं आपापलंच हळकुंड उचलायचं. दुसऱ्याचं एक जरी उचललं तरी तो चोर."

झालं! कुणाचं कोणतं, सांगणार कोण? एकानं मूठ भरली, दुसऱ्यानं धरली, "ही माझ्या मळ्यातली!" तिसऱ्यानं दोघांना ढकललं. मिसळलेली रास ती, ब्रह्मदेव आला तरी वेगळी होणार नव्हती. शेवटी माणसं भांडून भांडून दमली आणि रिकाम्या पाट्या पालथ्या घालून त्यांवरच बसली. आपण काय करून बसलो होतो हे तेव्हा त्यांना उमगलं, आणि लाजेनं कुणी कुणाकडं बघेना.

साळूआक्कानं राशीच्या टोकावर बसून उजवा हात वर केला. उघडा, पाची बोटं पसरून, सगळ्या पेठेला दिसेल असा. "असा हात वर करून, मोठ्यानं भाव बोलंल त्यालाच माल," ती म्हणाली.

खरेदीदारांनी दुकानांची दारं ओढून घेतली. ऊन वर आलं, खाली गेलं, परत वर आलं. ती बसून होती. किती दिवस? कुणी म्हणतं आठवडा, कुणी म्हणतं महिना. तिची सून तिला भाकरी भरवायची. हात काही खाली येत नव्हता.

मग दुसऱ्या गावचा एक गाडीवान पुढं आला. त्यानं आपली हळद डोहगावच्या राशीवर ओतली. त्याच्या मागून दुसरा आला. मग सगळेच. असं म्हणतात, रास वाढता वाढता दामूशेटच्या माडीपेक्षा उंच झाली, आणि घाटाखालच्या कोकणातल्या व्यापाऱ्यांना लांबून वाटलं की या मुलखात सोन्याचा डोंगर उगवला. ते बैलांच्या तांड्यांसह वर आले. आता माल घाटाखाली जातो म्हटल्यावर पेठेतली दारं उघडली. सर्वांत आधी धावत कोण आलं? दामूशेट! पिवळा हात वर करून, घसा फाटेस्तोवर तो भाव ओरडला. दीडपटीच्याही वर. दुसरा त्याच्या वर ओरडला. अख्खी पेठ त्या दिवशी भावानं दणाणली.

रास विकली गेली. मोडली मात्र नाही. दुसऱ्या साली डोहगावची हळद पुन्हा एकत्रच पेठेला आली.

साळूआक्काचा हात काही परत खाली आला नाही. वैद्य झाले, तेल-मालिश झाली, पण तो तसाच वर राहिला, वाळून लाकूड झाला. उरलेलं आयुष्य ती डाव्या हातानं जेवली. गावाला वाईट वाटायचं. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे. खाली आला की तुमी परत उपरणं टाकशीला." तिला शेवटचं नेलं तेव्हाही तो हात वरच होता. उभ्या पेठेनं तो बघितला आणि दुकानं बंद ठेवली.

अजूनही त्या पेठेत हळदीचा हंगाम सुरू होतो तेव्हा पहिल्या सौद्याआधी सगळे खांद्यावरची उपरणी, टॉवेल, रुमाल उतरवून दाराशी ठेवतात. खरेदीदार उजवा हात उघडा वर करतो आणि मोठ्यानं भाव पुकारतो. त्याला साळूचा हात म्हणतात. राशीपाशी डोहगावच्या बायका उभ्या असतात, ओंजळीत हळद घेऊन. कुणी कुणाच्या कानाशी लागलेला दिसला की त्या त्याचा हात पिवळा करून टाकतात, मग तो केवढाही मोठा असो.

परवाच्या हंगामात एक नवा, तरणा खरेदीदार आला होता. तोंड फिरवून मोबाईलवर कुजबुजत होता. डोहगावच्या एका म्हातारीनं त्याचं मनगट धरलं. तो हसला. म्हणाला, "आजी, सोडा आता या जुन्या गोष्टी. भाव चांगलाच देतोय मी."

म्हातारी म्हणाली, "चांगला हाय न्हवं? मग बारीक आवाजात का बोलतुयास?"

सगळी पेठ थांबली. पोरानं इकडंतिकडं बघितलं, मोबाईल खिशात घातला, आणि हात वर केला.