कासव पंचाची मान

फार मागे, नदीकाठच्या रानात उन्हाळ्याचा पाणवठा कुस्तीवर ठरायचा. ज्याची पाठ मातीला लागेल, त्याच्या कळपाने दूरच्या डबक्यावर जायचं. पंच होतं कासव. ते कुणाच्याच नात्यातलं नव्हतं, म्हणून सगळे त्याचं ऐकत.

पण उलटं पडलेलं कासव सहसा उठत नाही. त्यामुळे कुणाचीही पाठ मातीकडे निघाली की भीतीने कासवाची मान कवचात जायची. मग बाहेर ज्याच्या नावाचा गलका होई, त्यालाच ते विजयी ठरवी.

एका साली गवा आणि रानडुक्कर एकदमच कोसळले. धूळ इतकी उडाली की कुणाला काही दिसलं नाही. कासवाने मान बाहेर काढली, तर सगळं रान गप्प होतं.

"बोला पंच," गवा म्हणाला. त्याची तहानलेली वासरं कासवाकडे बघत होती.

"मी पाहिलं नाही," कासव म्हणालं. "मी कधीच पाहत नाही."

गर्दीतून म्हातारं सांबर पुढे आलं. आदल्या साली डबक्यावर गेलेला त्याचा कळप निम्माच परतला होता.

"माझी पाठ लागली नव्हती," ते हळूच म्हणालं. "पण तुम्ही म्हणालात, म्हणून मीही लागली असं मानलं."