काड्यांनी सूप

“चमचा मिळणार नाही,” वाढपी हळू आवाजात म्हणाला आणि त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सोनेरी अक्षरांत हेच लिहिलेलं होतं.

शमशादच्या पुढ्यात वाफाळतं सूप होतं आणि हातात बांबूच्या दोन काड्या. मुलीला नोकरी लागली, म्हणून तिने कोल्हापुरातल्या या नव्याकोऱ्या चिनी हॉटेलात, ‘मिंग दरबारा’त, आईसाठी टेबल राखून ठेवलं होतं. “मैत्रिणीला घेऊन जा,” असंही बजावलं होतं. शमशादला जिवाभावाची मैत्रीण एकच, मालन. बुरूड गल्लीत बसून आयुष्यभर बांबू फोडला, विणला आणि कोणाचं उणंदुणं ऐकून घेतलं नाही, अशी बाई.

मालनने आजूबाजूला पाहिलं. दिवे असे मंद की ताट कुठे संपतं आणि टेबल कुठे सुरू होतं ते कळू नये. शेजारी एक डॉक्टरीणबाई काड्यांत शेंगदाणा धरू गेल्या, तो टुणकन उडून पलीकडच्या वकिलांच्या कोटावर बसला. वकिलांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांच्या स्वतःच्या हनुवटीवरून नूडल लोंबत होती. पोटात कोणाच्याच काही जात नव्हतं, पण तोंडातून ‘अप्रतिम’ तेवढं सगळ्यांच्या निघत होतं.

“अहो, सूप काड्यांनी कसं प्यायचं?” मालनने मोठ्याने विचारलं.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हा प्रश्न महिनाभर प्रत्येकाच्या मनात होता, पण विचारणार कोण?

मालक अजिंक्यराव स्वतः उठून आले. ते एकदा आठ दिवस शांघायला जाऊन आले होते. तेव्हापासून चीनबद्दल ते कोणाचं ऐकत नसत. समोर चिनी माणूस आला तरी त्याचंही ऐकलं नसतं.

“बाई, ही एक संस्कृती आहे,” ते म्हणाले. “सूप काड्यांनीच घेतात. ज्याला जमतं त्याला जमतं. ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी कोपऱ्यावर भेळेची गाडी आहे.”

चार टेबलांवरचे लोक हसले. मालकांच्या बोलण्यावर हसायची त्यांना सवय होती. शमशादचा चेहरा उतरला. सकाळी पेटीतून काढलेली साडी तिने उगीचच सारखी केली. “चल गं मालन, जाऊ या आपण,” ती पुटपुटली.

मालनने तो चेहरा पाहिला आणि ती खुर्चीत आणखी घट्ट बसली. “जमवून दाखवलं तर?”

“तर मागाल ते देईन,” अजिंक्यराव म्हणाले. “पण नाही जमलं, तर इथे उभं राहून सगळ्यांना सांगायचं की हे आमच्यासारख्या अडाण्यांचं काम नाही.”

“कबूल. नेमकं काय करायचं ते एकदा सगळ्यांसमोर सांगा, साहेब. मागाहून भांडण नको.”

अजिंक्यरावांनी घसा साफ केला. “चमचा नाही. वाटी ओठाला लावायची नाही. नुसत्या काड्यांनी सूप पुरं करून दाखवायचं.”

“काड्या किती घेऊ?”

“घ्या की पेटीभर. दोनांनी जमत नाही, ते विसांनी काय जमणार?”

वाढप्याने काड्यांची पेटी आणून ठेवली. मालनने पिशवीतली बोटभर सुरी काढली आणि पहिली काडी उभी चिरली. मग दुसरी. मग तिसरी. कागदासारख्या पातळ चोया निघत गेल्या आणि तिने त्या सरळ सुपात सोडल्या.

“हे काय?” अजिंक्यराव ओरडले.

“गरम पाण्यात भिजल्याशिवाय चोय वाकत नाही. तुमचं सूप पाण्यासारखंच आहे, म्हणून बरं.”

वकिलांना ठसका लागला. आता लोक खुर्च्या सोडून तिच्या टेबलाभोवती गोळा झाले. मालनची बोटं चालू लागली. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. शमशादला यातलं काही कळत नव्हतं. ती नुसती मैत्रिणीच्या हातांकडे बघत होती. पंधरा-वीस मिनिटांत मालनने शेवटची चोय काठात खोवली आणि तळहाताएवढी वस्तू टेबलावर ठेवली. तीन बाजूंना उचललेला काठ, चौथी बाजू उघडी. धान्य पाखडायला घ्यावं तसं इवलंसं, देखणं सूप!

“घ्या, साहेब. चमचा नाही, वाटी ओठाला लावली नाही. नुसत्या काड्यांनी सूप पुरं केलं.”

क्षणभर कोणाला उमगेना. मग डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं आणि ते टेबलाटेबलावरून पसरत गेलं.

“हे सूप नव्हे,” अजिंक्यराव लाल होऊन म्हणाले. “मी ते प्यायचं सूप म्हणत होतो!”

“तसं तुम्ही म्हणाला नाहीत. आणि हे सूप नव्हे म्हणता? कोल्हापुरातल्या कोणत्याही घरात नेऊन विचारा, सूप कशाला म्हणतात ते. तुमचं सूप शांघायचं असेल, साहेब. माझं इथलं आहे.”

अजिंक्यरावांनी ते सूप उचललं, उजेडाकडे नेलं, उलटंपालटं केलं. कुठे फट नाही, कुठे कुसळ नाही. त्यांच्या मिशा हलू लागल्या आणि शेवटी राहवेना म्हणून ते स्वतःच खो-खो हसत सुटले.

“हरलो, बाई. मागा काय हवं ते.”

“माझ्या मैत्रिणीला चमचा द्या.”

“मलाही,” वकील म्हणाले. “इकडे दोन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दालनभर हात वर झाले. चमचे लगेच आले, कारण स्वयंपाकघरात भरपूर होते. सगळे आचारी रोज त्यांनीच जेवत होते.

शमशादने नवं, गरम सूप मागवलं आणि पहिला घोट घेतला. अजिंक्यराव खुर्ची ओढून त्यांच्याच टेबलाशी बसले. “बाई, असली दोनशे सुपं विणून द्या. तुम्ही सांगाल त्या भावाने. आमच्या सगळ्या पाहुण्यांना आता मी यातच वाढीन.”

“देते की,” मालन म्हणाली. “पण माप चांगलं हातभर घेऊ, साहेब. तुम्ही एवढ्याशात वाढलंत, तर लोक इथून उठून भेळेच्या गाडीवरच जातील.”